मिरची निळी का झाली?

प्रोग्रॅममध्ये एरर आली की माणूस निदान सुटतो. लाल अक्षरांत शिवी घातल्यासारखी एक ओळ येते, ती उचलायची, सर्चमध्ये टाकायची. त्याच खड्ड्यात आधी पडलेला कुणीतरी भेटतोच. डोक्याला खरा शॉट लागतो तो एरर न येता. कोड चालतो, चार्ट उघडतो, सगळं कसं चकाचक. फक्त रंग भलताच! तुम्ही निळा सांगितलेला असतो आणि समोर गुलाबी ठिपके तुमच्याकडे बघून हसत असतात.

थाप नाही मारत. 'आर' वापरणाऱ्या कुठल्याही मित्राला विचारा. तिथे चार्टसाठी जीजीप्लॉट-टू नावाची लायब्ररी आहे आणि तिच्यात 'एईएस' नावाचा एक कंस असतो. त्या कंसात रंग म्हणून 'ब्लू' लिहिलं की ठिपके येतात लालसर गुलाबी. वर बाजूच्या लिजंडमध्ये त्या गुलाबी ठिपक्यापुढे 'ब्लू' असं छापूनही येतं! पहिल्यांदा हे बघणारा माणूस आधी चष्मा पुसतो, मग मॉनिटर.

फंडा साधा आहे. तो कंस रंग सांगायची जागा नाहीच. डेटातली कुठली गोष्ट कुठल्या रूपात दाखवायची, ते तिथे सांगायचं असतं. त्यामुळे तिथे लिहिलेल्या 'ब्लू'ला प्रोग्रॅम रंग समजत नाही, एका गटाचं नाव समजतो. 'धुळे', 'नंदुरबार', तसं 'ब्लू'. एकच गट दिसला, मग त्याला आपल्या यादीतला पहिला रंग दिला. तो पहिला रंग म्हणजे हा गुलाबी. 'ब्लू' कंसाच्या बाहेर काढा, ठिपके मुकाट निळे होतात. पारदर्शकतेचंही तसंच. त्याच कंसात अल्फा ०.१ लिहा, मग ०.५ करा, मग ०.९ करा… चित्र ढिम्म हलत नाही. तुम्ही दिलेला आकडा तिथे मात्रा नसतो, डेटा असतो.

असल्या लोच्यांवर एक अख्खा कॉलम खर्च करावा असं वाटलं ते दोंडाईच्यामुळे. धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका, सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन. नकाशा उघडायची गरज नाही, तुमच्या स्वयंपाकघरातल्या तिखटाच्या डब्याने बहुधा ते गाव पाहिलेलं असेल. मिरचीच्या बाजारात गुंटूरनंतर नंदुरबारचं नाव घेतात. १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा होईपर्यंत नंदुरबार धुळ्यातच होतं, आणि मिरचीला तशीही जिल्ह्याची हद्द कळत नाही. दोंडाईचाही मिरचीचंच गाव. थंडीच्या दिवसांत ओली लाल मिरची बाजारात येते आणि मोकळ्या मैदानांवर पसरून वाळवली जाते. त्याला तिकडे पथारी म्हणतात. लांबून बघाल तर जमिनीला लाल रंग मारलाय असं वाटतं. जवळ जाल तर शिंकाल.

तिथे माझे मामा मिरचीची आडत चालवतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, पुण्यात डेटा अ‍ॅनालिस्ट. वर्क फ्रॉम होम मिळालं की गडी लॅपटॉप उचलून थेट गावी. मागच्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात आलं की पथारीचे फोटो काढायचे आणि मालात फटकी किती टक्के आहे ते प्रोग्रॅमकडून मोजून घ्यायचं. फटकी म्हणजे रंग उडून पांढुरकी पडलेली मिरची. तिला भाव कमी. आयडिया सॉलिड होती. त्याने ओपनसीव्हीने फोटो वाचला, मॅटप्लॉटलिबने स्क्रीनवर दाखवला आणि समोर अख्खी पथारी निळीशार! चहा घेऊन आलेल्या मामी दारातच थांबल्या. "हाई काय शे रे? पथारीवर नीळ सांडली का काय?"

आता इथे मिरचीचा दोष नाही, कॅमेऱ्याचाही नाही. स्क्रीनवरचा प्रत्येक रंग म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. बहुतेक प्रोग्रॅम याच क्रमाने वाचतात, आरजीबी. ओपनसीव्ही मात्र उलटा वाचतो, आधी निळा, मग हिरवा, शेवटी लाल. बीजीआर. १९९९ च्या सुमारास ती लायब्ररी घडत होती तेव्हा कॅमेरे बनवणाऱ्यांत आणि विंडोजच्या जगात हाच क्रम रुळलेला होता, तो तसाच चिकटून राहिला. एकाने उलट्या क्रमाने लिहिलं, दुसऱ्याने सरळ वाचलं, लालाच्या जागी निळा जाऊन बसला. एका ओळीत क्रम फिरवता येतो, मामेभावाने फिरवला, मिरची लाल झाली, मामींचा चहा गार झाला.

ओळखायची खूण सांगून ठेवतो. लाल गोष्टी निळ्या आणि निळ्या लाल, पण झाडं मात्र हिरवीगार, असं दिसलं की डोळे झाकून समजा, क्रमाचा झोल आहे. हिरवा मधोमध असतो, उलटं केलं तरी तो हलत नाही. आणि चित्र जवळजवळ अख्खं पांढरंफटक आलं तर मोजपट्टीचा झोल. कुठे रंग ० ते २५५ मध्ये मोजतात, कुठे ० ते १ मध्ये. ० ते १ वाल्याला तुम्ही १८० चा दशांश आकडा दिला तर तो म्हणणार, एकच्या वर सगळं एकच. झालं, पांढरं.

क्रमाचा हा आजार सगळीकडे आहे, बॉस. वेबपेजवर आठ अक्षरी रंग लिहिला तर पारदर्शकता शेवटी येते. अँड्रॉइडमध्ये तीच सुरुवातीला. गूगल अर्थच्या केएमएल फाइलमध्ये तर पारदर्शकता सुरुवातीला आणि पुढे रंगही उलटे. आसपासच्या गावांचा नकाशा लाल करायला गेलेल्या भावाला गूगल अर्थने निळी गावं दिली ती याच कारणाने. उपग्रहाच्या चित्रांत मात्र हे मुद्दाम केलेलं असतं. डोळ्यांना न दिसणारे जवळचे इन्फ्रारेड किरण हिरवी पानं भरपूर परावर्तित करतात, आणि त्या किरणांना चित्रात लाल रंग दिला जातो. म्हणून जळगावकडच्या केळीच्या बागा अशा चित्रात लालभडक दिसतात. तिथे लाल म्हणजे आग नाही, हिरवाई! अर्थात, ते चित्राखाली लिहिलेलं असतं. आपल्या चार्टखाली कुणी लिहितं का?

फोटोंचा किस्सा मजेचा होता. भावांच्या चार्टचा तसा नव्हता, कारण त्यात पैसे होते.

अ‍ॅगमार्कनेट या सरकारी पोर्टलवर बाजार समित्यांचे रोजचे आकडे मिळतात. आवक किती टन, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. भावाने अनेक वर्षांचे उतरवून घेतले. आडव्या रेषेवर आवक, उभीवर दर, प्रत्येक दिवसाचा एक ठिपका. हजारो ठिपके एकावर एक पडले आणि चार्टचा झाला मिरचीचा ठेचा. दाट कुठे, विरळ कुठे, काही कळेना. यावरचा सगळ्यांना माहीत असलेला उपाय म्हणजे अल्फा कमी करणं. अल्फा म्हणजे रंग किती घट्ट बसणार त्याचं माप. शून्य म्हणजे काच, एक म्हणजे भिंत. ही कल्पना १९७७ च्या सुमाराची, न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करणाऱ्या एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांची. हेच दोघे पुढे पिक्सारच्या संस्थापकांत होते. म्हणजे 'टॉय स्टोरी' आणि दोंडाईच्याचा मिरची चार्ट, दोघांचं गोत्र एकच!

पण अल्फाचा हिशेब आपल्याला वाटतो तसा सरळ नाही. अल्फा ०.१ चे दहा ठिपके एकावर एक ठेवले तर बेरीज होऊन शंभर टक्के घट्ट रंग येईल असं वाटतं ना? येतो ६५ टक्के. प्रत्येक नवा ठिपका उरलेल्या काचेचा फक्त दहावा भाग रंगवतो. वीस ठिपक्यांना ८८, चाळीस ठिपक्यांना ९८ च्या वर. पुढे चाळीस असोत की चारशे, डोळ्याला सारखंच. म्हणजे गर्दीच्या टोकाला माहिती दबली. आणि दुसऱ्या टोकाला? एकटादुकटा ठिपका, ज्या दिवशी भाव अचानक उसळला किंवा आपटला तो दिवस, दहा टक्के रंगात जवळजवळ अदृश्य. व्यापाऱ्याला नेमका तोच दिवस बघायचा असतो हो! आवक नेहमीसारखी आणि दर नेहमीसारखा असलेल्या दिवसांचा ढग काढून दाखवलात तर आडतीवरचा हमाल पण म्हणेल, हे आम्हाला माहीत आहे.

मला विचाराल तर नुसता अल्फा कमी करत बसणं हा आळशी उपाय आहे. गर्दीसाठी षटकोनी चौकटी करून प्रत्येकीत किती दिवस पडले ते मोजावं, आणि बाहेर पडलेले एकटे ठिपके वेगळे काढून पूर्ण घट्ट रंगात वरून मारावेत. भावाने तसंच केलं. आणखी एक बारीक गंमत: ठिपके फिके केले की लिजंडमधले ठिपकेही तितकेच फिके होतात आणि कुठला रंग कुणाचा तेच दिसेनासं होतं. लिजंडचा अल्फा वेगळा, पूर्ण एक, ठेवता येतो. शोधलं की मिळतं, पण शोधावं लागतं हाच वैताग.

त्याच चार्टवर अल्फाने दुसराही हात दाखवला. २५ मार्च २०२० पासूनचा लॉकडाउनचा काळ हलक्या राखाडी पट्ट्याने दाखवायचा होता, दर आणि तारखेच्या चार्टवर. अल्फा ०.१ दिला, पट्टा आला ठोस काळपट. ०.०५ केला, तरी ठोस. त्याखालचे दर गायब. भाऊ रात्री एक वाजेपर्यंत आकडा कमी करत होता, "दादा, अल्फा चालतच नाहीये!" अल्फा चालत होता, अगदी इमानदारीत चालत होता. जीजीप्लॉटमध्ये असा आयत मुख्य डेटाला जोडून काढला की तो डेटाच्या प्रत्येक ओळीसाठी एकदा काढला जातो. हजारो ओळी, हजारो पट्टे, एकावर एक. मघाचा हिशेब आठवा, चाळीस पट्ट्यांतच खेळ खल्लास. तो पट्टा डेटापासून सोडवून 'अ‍ॅनोटेट' म्हणून स्वतंत्र काढला, एकदाच निघाला, हलका आला. अल्फा ऐकत नाही असं वाटलं की आधी मोजा, गोष्ट किती वेळा काढली जातेय.

पारदर्शक रंगांचं अजून एक नाटक आहे. हिरव्या मिरचीच्या किमान-कमाल दराचा हिरवा पट्टा आणि लाल मिरचीचा लाल पट्टा, दोन्ही अर्धे पारदर्शक, एकमेकांवर आले की मधे तिसराच मातकट रंग तयार होतो. लिजंडमध्ये तो नाही. बघणारा विचारतो, हा चॉकलेटी माल कुठला? वर तो रंगही पक्का नाही. लालावर हिरवा ठेवला तर हिरवट, हिरव्यावर लाल ठेवला तर तपकिरी. पांढऱ्या कागदावर दोन अर्धे रंग, पण वर कोण बसलाय त्यावर निकाल. संसारात होतं तसंच.

मग हीटमॅप. उभे महिने, आडवी वर्षं, प्रत्येक चौकोन दराप्रमाणे रंगलेला. स्वस्त महिने हिरवे, महाग महिने लाल. हा चार्ट मामांसाठी होता. हिरवा दिसला की घ्यायचं आणि गोदामात ठेवायचं, लाल जवळ आला की काढायचं, असा साधा हिशेब. इथे दोन गोष्टी बिघडू शकतात आणि दोन्ही बिघडल्या होत्या. समजा, भरणाऱ्याने कुठल्यातरी दिवशी १२,००० च्या जागी १,२०,००० टाइप केलं. रंगांची पट्टी आपोआप सगळ्यात लहान आकड्यापासून सगळ्यात मोठ्यापर्यंत ताणली जाते. मग तो एक चौकोन लालभडक आणि उरलेली सगळी वर्षं एकसारखी हिरवी. पट्टीची दोन्ही टोकं स्वतः ठरवून द्यायची, बाहेरच्या आकड्यांना टोकाचाच रंग मिळेल असं सांगायचं, आणि तो आकडा मुळात खरा आहे का ते तपासायचं. दुसरी गोष्ट, बाजार बंद असलेले दिवस. आकडाच नसलेली जागा मॅटप्लॉटलिब पारदर्शक सोडतं. मागचा कागद पांढरा, म्हणून चौकोन पांढरा. फिक्यापासून गडद जाणारी पट्टी घेतली तर हाच पांढरा 'एकदम स्वस्त' म्हणून वाचला जातो. बंद बाजार आणि पडलेला बाजार यांत काही फरक आहे की नाही? रिकाम्या जागेला वेगळा राखाडी द्या, वर तिरप्या रेषा मारा, काहीही करा, पण तिला रंगांच्या पट्टीत घुसू देऊ नका.

हे सगळं निस्तरून हीटमॅप रोज सकाळी मामांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जायला लागला. मामा अंगठा दाखवायचे. भाऊ खूश. महिनाभराने मला मामांचा फोन. "भाचेराव, एक चित्र पाठवलंय. या महिन्याचा डबा कुठला आहे, हिरवा का लाल?" म्हटलं चष्मा विसरले असतील. सांगितलं. चार दिवसांनी पुन्हा फोन. मग पुन्हा. शेवटी मी विचारलंच, दिवाणजी सांगत नाहीत का? "तेच सांगायचे. लग्नाला गेलेत गावाला." आणि मग जरा थांबून, "माले लाल-हिरवं एकसारखंच दिसस रे भाऊ. पहिल्यापासून."

तीस वर्षं मिरचीच्या धंद्यात असलेला माणूस! तरुणपणी एका नोकरीच्या मेडिकलमध्ये ठिपक्याठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचता आला नाही, तेव्हा त्यांना स्वतःला कळलं. ती ठिपक्यांची चाचणी जपानचे डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली आणली, अजून जगभर चालते. मामा घरी येऊन इतकंच म्हणाले की नोकरी नाही मिळाली. पुढे वडिलांच्या आडतीवर बसले. मिरचीचा व्यापारी आणि त्याला लाल दिसत नाही, हे बाजारात फुटलं तर कोण माल दाखवायला येणार? म्हणून मामी सोडून कुणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही. दिवाणजींना अंदाज होता, ते न विचारता रंग बोलून दाखवायचे.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारातल्या एकाला लाल-हिरव्याचा हा घोळ असतो, बायकांत दोनशेतल्या एकीला. भारतात प्रमाण कमी सापडतं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. जनुक एक्स गुणसूत्रावर बसतं, त्यामुळे बापाकडून मुलाला येत नाही, आईकडून येतं. म्हणजे मामांच्या मुलाला त्यांच्याकडून येण्याचा प्रश्न नाही, प्रश्न होता तो भाच्याचा! त्या रात्री मी ती चाचणी देऊन बघितली. आकडे दिसले. भावाला मात्र सगळे रंग नीट दिसत होते, म्हणूनच वडिलांना दिसत नसतील असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला वाटायचं, बाबांना कॉम्प्युटर जमत नाही.

मग मामा माल कसा ओळखतात? हे मी त्यांच्या पथारीवर बसून बघितलं. मूठभर मिरची उचलतात, कानाशी खुळखुळवतात. बी वाजलं तर वाळली. देठाजवळ वाकवतात, मोडली तर ठीक, वाकली तर ओल आहे. वास घेतात. आणि फटकी? ती तर ते भावाच्या प्रोग्रॅमपेक्षा भरभर वेचतात, कारण तिथे प्रश्न लाल की हिरवा हा नसतोच. चांगली मिरची गडद, फटकी फिकी. गडद-फिकं त्यांना तुमच्याआमच्याइतकंच दिसतं. अर्धवट पिकलेली हिरवट मिरची तेवढी दिवाणजींवर सोडतात.

ते बघताना मला एकदम क्लिक झालं की चांगल्या रंगपट्टीचा नियमही हाच आहे. पूर्वी शास्त्रज्ञांपासून शेअरवाल्यांपर्यंत सगळे 'जेट' नावाची इंद्रधनुष्यी पट्टी वापरायचे. निळा, आकाशी, पिवळा, लाल. दिसायला भन्नाट. पण तिच्यात मधला पिवळा सगळ्यात उजळ आणि दोन्ही टोकं गडद, त्यामुळे डोळा आधी मध्यावर उडी मारतो, आणि जिथे डेटात काहीच घडलेलं नाही तिथे कडा दिसतात. मॅटलॅबने २०१४ साली तिला डच्चू दिला. पायथनवाल्यांसाठी स्टेफान वॅन डर वॉल्ट आणि नॅथनिएल स्मिथ यांनी २०१५ च्या सायपाय परिषदेत 'विरिडिस' मांडली आणि मॅटप्लॉटलिबने जानेवारी २०१७ मध्ये २.० आवृत्तीत तीच कायम केली. गडद जांभळ्यापासून निळ्या-हिरव्यातून पिवळ्यापर्यंत, आणि उजेड सतत एकाच दिशेने वाढत जाणारा. रंग काढून टाकले तरी क्रम शिल्लक राहतो. मामांच्या डोळ्यासाठी तो पुरेसा आहे.

रंगाचा क्रम मोडला की डोळे शाबूत असणाऱ्यांचीही कशी दिशाभूल होते ते बघायचंय? हवामान खात्याचा जिल्हावार पावसाचा नकाशा घ्या. जास्त पाऊस निळ्यात, सरासरीइतका हिरव्यात, २० ते ५९ टक्के तूट लाल. आणि ६० टक्क्यांच्या पुढची तूट? पिवळी! म्हणजे पाऊस आणखी आटला की जिल्हा लालातून पिवळ्यात जातो. त्याच खात्याच्या इशाऱ्यांत मात्र पिवळा म्हणजे फक्त लक्ष ठेवा, मग केशरी, मग लाल. तापीकाठच्या कमी पावसाच्या गावात बसून हे दोन नकाशे शेजारी ठेवा आणि सांगा, पिवळ्याला घाबरायचं की नाही? वर्षानुवर्षं बघणाऱ्यांना पाठ असतं, मान्य. नव्या माणसाने काय करायचं?

मामांनी मुलाला स्वतः सांगावं म्हणून मला दोनदा फोन करावा लागला. एका रविवारी जेवताना त्यांनी सांगून टाकलं. मामी म्हणतात, पोरगा काही बोलला नाही, ताट तसंच ठेवून उठला आणि लॅपटॉप उघडून बसला. क्रोम ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्समध्ये एक सोय आहे, २०२० पासून, रंगदृष्टी वेगळी असणाऱ्याला पान कसं दिसेल ते दाखवणारी. त्याने आपला हिरवा-लाल हीटमॅप त्यातून बघितला. सगळे महिने एकाच खाकी रंगाचे. महिनाभर वडील ह्या चित्राला अंगठा दाखवत होते. त्यातले दोन सौदे दिवाणजी नसताना, नुसत्या अंदाजाने झालेले. एकात सुटले, एकात मार खाल्ला. किती, ते मामांनी सांगितलेलं नाही.

आता हीटमॅप विरिडिसमध्ये असतो, आणि प्रत्येक चौकोनात आकडाही. लाल-हिरव्या पट्ट्यांच्या जागी दोन रेषा, एक सलग, एक तुटक, टोकाशी नाव लिहिलेलं. लिजंड काढूनच टाकला. एक अडचण मधे आलीच. भाऊ ऑफिसच्या सवयीने पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून चित्र सेव्ह करायचा, प्रेझेंटेशनमध्ये ते छान बसतं. पण जेपीईजी फाइलला पारदर्शकता कळत नाही. चित्र तिच्यात बदललं की ती जागा कुठल्यातरी रंगाने भरली जाते, कधी पांढऱ्या, कधी काळ्या. काळ्यावर काळी अक्षरं, म्हणजे दर गायब. बाहेर पाठवायच्या चित्राला पार्श्वभूमी पांढरी, घट्ट, स्वतः सांगून द्यायची.

शेवटी मामांनी मागणी केली की चार्ट आडतीच्या भिंतीवर लावायचा, शेतकऱ्यांनाही बघू दे. म्हणजे झेरॉक्स, काळी-पांढरी. त्यावरही तयार उत्तर आहे. सिंथिया ब्रूअर या नकाशातज्ज्ञ बाईंनी कलरब्रूअर नावाचं टूल काढलंय. त्यात रंगांच्या पट्ट्यांच्या बाजूला तीन खुणा करायच्या जागा आहेत: रंगदृष्टी वेगळी असणाऱ्यांना चालेल अशी, छपाईत टिकेल अशी, फोटोकॉपीत टिकेल अशी. तिन्हीवर टिक मारा आणि बघा यादीतून किती पट्ट्या गळतात! उरलेल्यांतली एक भावाने भिंतीसाठी घेतली, पाच पायऱ्यांची.

हे सगळं मामांना विचारून लिहिलंय, फक्त नाव घालू नको म्हणाले. चार्टबद्दल त्यांची सध्या एकच तक्रार आहे, चौकोनातले आकडे बारीक येतात. भावाने फॉन्ट साइज १४ करून फाइल पाठवलीये, झेरॉक्सवाल्याचा निरोप अजून यायचाय.